एका पुडीतली दोन हाडं

टेबलावर दोन हाडं शेजारी शेजारी दिसली की नसीम मॅडम हात पुढं करायच्या आणि त्यातलं एक बाजूला सरकवायच्या. बरोबर एक वीत. अंगठा एका हाडाला, करंगळी दुसऱ्याला, मध्ये रिकामी जागा. समोर प्राचार्य असोत नाहीतर परीक्षेला आलेले बाहेरगावचे साहेब असोत, त्यांना फरक पडत नव्हता. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "शेजारी ठेवली की माणूस सोयरीक जुळवतो. सिद्ध होईपर्यंत प्रत्येक हाड अनाथ समजायचं."

मी त्यांच्या हाताखाली एकोणतीस वर्षं काढली. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीवर परिचर होतो. झाडायचं, बरण्या पुसायच्या, मागतील ते काढून द्यायचं. शिक्षण चौथी. नाव साहेबराव. नवी पोरं आली की मॅडम माझी ओळख करून द्यायच्या, "या कॉलेजात साहेब पुष्कळ आहेत, पण जन्मापासून साहेब असलेले हे एकटेच. यांना विचारल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही."

त्या गेल्या त्याला दोन महिने झाले. पेपरात चार ओळी आल्या, त्यात त्यांचं गावसुद्धा चुकलं होतं. म्हणून मी लिहायला बसलो. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधी कबूल करावी लागते. मी त्यांच्याशी एकदा खोटं बोललो. एकच शब्द. त्या शब्दावर त्यांनी एका जनावराची जात उभी केली, तिला स्वतःच्या आईचं नाव दिलं, आणि वीस वर्षं ती जात जगभरच्या पुस्तकांत उभी राहिली. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि माझ्या बायकोला.

ते जनावर म्हणजे सील. मी जिवंत कधी पाहिलं नाही. मॅडमनी चित्र दाखवलं होतं: कुत्र्यासारखं तोंड, म्हशीसारखं अंग, हातापायांची वल्ही झालेली. पण मॅडमचं काम आजच्या सीलांचं नव्हतं. चाळीस-पन्नास लाख वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या, आता शोधूनही न सापडणाऱ्या सीलांचं होतं. युरोपातल्या एका बंदराच्या गावी त्या तरुणपणी दोन वर्षं शिकायला होत्या. तिथं गोदी खणताना ही हाडं टोपल्या भरभरून निघालेली, दगड झालेली. पण सगळी सुटी. कधी दंडाचं, कधी मांडीचं, कधी जबड्याचा तुकडा. अख्खा सांगाडा म्हणून नाही. जुन्या काळच्या पंडितांनी एकेका सुट्या हाडाला एकेका जातीचं नाव देऊन टाकलं. त्यातली कोणती जात खरी आणि कोणतं नुसतंच नाव, हे निवडण्यात मॅडमचा जन्म गेला.

"नवऱ्याची एक जात केली, बायकोची दुसरी," त्या चिडून म्हणायच्या. "पोर जरा लहान निघालं तर त्याची तिसरी. एक अख्खं घर यांनी तीन गावांत वाटून टाकलंय."

आमच्या शहरात असलं काम कोणाला कळणार? ऑफिसातला हेडक्लार्क एकदा चारचौघांत बोलला, "मॅडम, आपल्या नळाला आठ आठ दिवस पाणी येईना, आन तुम्ही समुद्रातल्या जनावराची हाडं मोजायल्या."

मॅडमनी मान वर केली नाही. "म्हणूनच मोजते. पाणी गेल्यावर काय उरतं ते बघून ठेवलेलं बरं."

शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. एके वर्षी मला छावणीतल्या खाटकाकडं पाठवलं. बोकड, शेळी, पाठ म्हणजे न व्यालेली तरणी शेळी, आणि करडू, चौघांची हाडं आणायची, उकडून साफ करायची. मी घरी मुकुंदवाडीला पिशवी नेली तर सुंदरा, माझी बायको, चुलीपुढं आडवी उभी राहिली. "माझ्या पातेल्यात शिजतं ते खायला. अभ्यासाला नाय. तुमच्या मॅडमला म्हणावं, पातेलं पाठवा." मी जसंच्या तसं जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी नवी कोरी देगची हातात ठेवली. "सुंदराबाईंना सलाम सांगा. बाई बरोबर बोलल्या. दोन कामांची भांडी एक करू नयेत."

ती हाडं कालवून वर्गापुढं ओतली आणि मॅडम म्हणाल्या, "किती जाती आहेत, निवडा." पोरांनी दोन तास मोजमाप केलं. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोरानं छाती काढून सांगितलं, "पाच." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "शाबास! एका गोठ्यातली चार जनावरं, आणि जाती पाच! तुम्ही आता जुन्या पंडितांत बसायला लायक झालात." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसू नका. मीपण हेच केलं असतं. म्हणूनच हाड बोलेपर्यंत आपण गप्प बसायचं."

आता पेटीचं सांगतो.

बावीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्या बंदराच्या गावातल्या संग्रहालयानं मॅडमना बत्तीस हाडं तपासायला पाठवली, वर्षभराच्या बोलीवर. नेमक्या त्याच दिवसांत त्यांची आई हैदराबादला वारली. आई म्हणजे जुलेखाबी. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. हिमरू कापडाच्या मागावर बसून तिनं या पोरीला शिकवलं होतं. मॅडमनी हैदराबादहून फोन करून निरोप ठेवला, "पेटी आली तर हात लावू नका. मी आल्यावर उघडू."

पेटी आली ती आधीच कोणीतरी वाटेत उघडून बघितलेली. झाकण खिळखिळं, वरून सुतळी बांधलेली, भुसा सांडत होता. आमच्या खोलीला वाळवी. दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी पेटीखाली मातीची रेघ दिसली, तेव्हा मी सुतळी कापली.

आत दोन थर होते, मध्ये पुठ्ठा. एकेक हाड कागदात गुंडाळलेलं, कागदावर चिठ्ठी. तीस हाडं अशी शहाण्यासारखी निघाली. दोन मात्र बेवारस. वरच्या थरात एक दंडाचं हाड भुशात तसंच पडलेलं होतं. खालच्या थरात एक मांडीचं, फाटक्या कागदात, चिठ्ठी नाही. दोन्ही आखूड आणि भरीव, दोन्हींचा रंग भाजलेल्या विटेसारखा काळपट.

त्याच्या महिनाभर आधी माझा बाप गेला होता. तिसऱ्या दिवशी मी त्याची राख सावडली होती. आमच्यात पायाकडून डोक्याकडं एकेक अस्थी वेचून मडक्यात ठेवतात, मग पैठणला गोदावरीत सोडतात. एका जिवाची हाडं वेगळी पडू द्यायची नाहीत, एक जरी मागं राहिलं तर जीव घोटाळतो, असं म्हातारी माणसं सांगतात. हाताला ती सवय ताजी होती. समोर दोन बेवारस हाडं, रंग एक. बाकीची एकेका ट्रेमध्ये मांडली होती; ही दोन हातानं एकाच ट्रेमध्ये ठेवली. दंड वर, मांडी खाली. डोक्यानं काही विचार केलाच नाही. फाटका कागद केराच्या टोपलीत गेला.

मॅडमच्यात दफन करतात. मेलेल्याची हाडं कोणी वेचून जुळवत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्या आल्या त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. आई जाऊन अकरा दिवस झालेले. डोळे जागरणानं ओढलेले, पण आवाज खणखणीत.

"पेटी कोणी उघडली?"

"मॅडम, वाळवी लागत होती..."

"मी काय विचारलं?"

"मी उघडली."

त्यांचं तोंड लाल झालं. मी भिंतीला टेकलो. मी तोवर हंगामीच होतो, आणि मला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीची वाट बघत पडला होता. घरात पोरगा सहा वर्षांचा. त्या ट्रेमागून ट्रे बघत निघाल्या, आणि त्या एका ट्रेपाशी थांबल्या. राग कुठल्या कुठं गेला. आवाज एकदम खाली आला.

"साहेबराव, हे दोन एकाच पुडीत होते?"

मी त्यांच्याकडं बघितलं. माणूस तहानेनं व्याकूळ होऊन पाणी मागतो ना, तसं त्या बघत होत्या. नाही म्हणावं तर सांगावं लागणार की मी माझ्या मनानं जुळवले. एक हुकूम मोडलेला होताच.

"हो," म्हटलं.

"एकाच? नक्की?"

"हो मॅडम. एकाच."

त्या स्टुलावर बसल्या. दोन्ही हाडं तळहातांवर घेतली. मग म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का हे काय आहे? या सीलांचा हात आणि पाय एका जनावराचा म्हणून आजपर्यंत कोणाला मिळालेला नाही." आणि रडल्या. आईच्या मयतीत म्हणे डोळ्यांतून पाणी न काढलेली बाई त्या हाडांपुढं रडली, आणि मी फडकं घेऊन टेबल पुसत राहिलो.

दीड-दोन वर्षांनी परदेशातल्या मासिकात छापून आलं. नवी जात, जुलेखाबीच्या नावाला लॅटिनची शेपटी लावलेली. खरी हाडं परत गेली आणि तिथं एका खणात एकत्र ठेवली गेली. आमच्याकडं त्यांच्या प्लास्टरच्या प्रती राहिल्या. अख्ख्या खोलीत तोच एक ट्रे असा, ज्यात दोन हाडं एकमेकांना टेकून असायची. मी रोज तो पुसायचो.

पेटी उघडली त्याच आठवड्यात सुंदराला सगळं सांगितलं होतं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही. "उद्या जाऊन सांगून टाका," म्हणाली. उद्या गेला, वर्षं गेली. मी कायम झालो. छापून आल्यावर ती म्हणाली, "आता तरी सांगा. त्या माऊलीच्या नावाला तुम्ही परक्याचा पाय जोडलाय." मी म्हणायचो, जाऊ दे, लाखो वर्षांपूर्वी मेलेलं जनावर, त्याला काय कळतंय? ती म्हणायची, "त्याला नाय कळत. तुम्हाला कळतंय ना?" भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवटी ती तिथंच यायची.

मॅडम निवृत्त झाल्या, पाठोपाठ मीही. त्यांनी हाडांच्या प्रती छावणीतल्या घरी नेल्या. मला म्हणाल्या, "धूळ निवृत्त होत नाही, साहेबराव." तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी त्यांच्याकडं जायचो.

मागच्या श्रावणात सुंदरा गेली. कावीळ पोटात मुरलेली, कळली तेव्हा उशीर झाला होता. बोलणं बंद व्हायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "मॅडमला..." आणि दम लागला. पुढचं मला सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. शेजारच्या ओट्यावर त्याच दिवशी आणखी कोणाला तरी अग्नी दिलेला. मधल्या जागेत दोघांची राख एक झाली होती. मी पायाकडून वेचत वर आलो, आणि ओट्याच्या कडेला एक हाड पडलेलं दिसलं. हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. हे सुंदराचं कशावरून? शेजारच्या माणसाचं नसेल कशावरून? पोरगा शेंद्र्याच्या कंपनीतून एका दिवसाची सुट्टी काढून आला होता. म्हणाला, "बाबा, उचला ना. माणसं खोळंबलीत." मला उचलता येईना आणि सोडवेना. उचललं तर परक्याचं हाड माझ्या बायकोच्या मडक्यात. सोडलं तर तिचंच मागं. शेवटी पोरानंच ते उचलून टाकलं. मी आजही सांगू शकत नाही ते कोणाचं होतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, मी मॅडमच्या आईचं काय केलं होतं. तरी तोंड उघडलं नाही. अजून चार महिने.

मॅडम तेव्हा त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामात होत्या. आजवर नाव दिलेल्या त्या सगळ्या नामशेष सीलांची यादी करायची आणि प्रत्येकीपुढं निकाल लिहायचा: टिकली, पडली, किंवा संशयास्पद. सुट्या एका हाडावर उभी केलेली जात त्या सोडत नव्हत्या. लाल पेन घेऊन नाव मोठ्यानं वाचायच्या आणि रेघ ओढायच्या, "चलो, तुम भी निकलो." ज्यांनी शिकवलं त्या गुरुजींच्याही दोन जाती पाडल्या. म्हातारे गुरुजी तिकडं अजून हयात होते. मी विचारलं, "मॅडम, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. पण वाटणं हा पुरावा नाही."

प्रत्येक रेघेला मी पुढं किती नावं उरली ते मोजायचो. यादी अक्षरांच्या क्रमानं चालली होती, जुलेखाबीचं नाव इंग्रजीत झेडनं लिहितात, म्हणून शेवटाकडं होतं.

थंडीत त्या बंदराच्या संग्रहालयातून पत्र आलं. तिथं एक तरुण मुलगी कामाला लागली होती, मॅडमनी आधी पाठवलेला निकालांचा कच्चा तक्ता तिनं वाचला होता. मॅडमनी मला मराठीत सांगितलं, "ती लिहिते, तुम्ही सगळ्यांच्या जाती सुट्या हाडांवर म्हणून पाडल्या. तुमची स्वतःची ठेवली, कारण दोन हाडं एकत्र मिळाली. एकत्र मिळाली याला पुरावा काय? शुक्रवारपर्यंत कळवा, तक्ता आधी छापायला जातोय, सविस्तर काम मागून." मला वाटलं मॅडम भडकतील. त्या खूश झाल्या. "सवाल रास्त आहे. पोरगी कामाची आहे. आणि आपल्याकडं पुरावा आहेच. तुम्ही."

बुधवारची दुपार. त्यांनी एक कागद लिहून ठेवला होता, मराठीत, मला वाचता यावा म्हणून मोठ्या अक्षरात. सोबत त्याचं इंग्रजी करून पाठवणार होत्या. मी वाचला. 'मी, साहेबराव, पेटी स्वतःच्या हातानं उघडली. दंडाचे व मांडीचे हाड एकाच पुडीत होते.' खाली रेघ, सहीसाठी. मॅडमनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिला आणि चहा गाळायला वळल्या.

मी पेन टेकवला. 'सा' लिहिला. पुढं हात जाईना.

"काय झालं? चष्मा देऊ?"

"मॅडम, नव्हते."

"काय नव्हते?"

"एका पुडीत. नव्हते. मीच एका ट्रेमध्ये ठेवले होते."

गाळणी त्यांच्या हातातच राहिली. चहा ओट्यावरून खाली गळत होता. त्यांनी भांडं ठेवलं, गॅस बंद केला, हात पुसले, समोर येऊन बसल्या. मी ओरडा खायला तयार होतो. पण त्या हाडाबद्दल विचारायच्या त्याच कोरड्या आवाजात विचारत होत्या.

"दंडाचं कुठं होतं?"

"वरच्या थरात. भुशात."

"मांडीचं?"

"खालच्या थरात. फाटक्या कागदात."

"थरांच्या मध्ये काय होतं?"

"पुठ्ठा. जाड. तो जागचा हललेला नव्हता."

"म्हणजे एका थरातलं दुसऱ्यात पडलं असेल, असं होऊ शकत नाही."

"नाही."

"कागद कुठं आहे?"

"केरात टाकला."

त्यांनी डोळे मिटले. मग मला समजावून सांगावं तसं हळू बोलल्या, "वरचा थर एका खड्ड्यातला होता. खालचा दुसऱ्या खड्ड्यातला, मैलभर लांबचा. पेटीसोबत आलेल्या यादीत तसं लिहिलेलं होतं. कोणतं हाड कोणत्या थरात होतं हे फक्त उघडणाऱ्याला माहीत." मग डोळे उघडले, आणि आवाज फुटला. "ऐसा कायकू करे, साहेबराव? बावीस साल! बावीस साल तुमे मेरे सामने बैठके चाय पिये!"

मी सावडण्याचं सांगितलं. बापाचं सांगितलं. कायम व्हायच्या कागदाचंही सांगितलं. सुंदराचं सांगायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"बाहेर जा. आत्ता."

छावणीतून मुकुंदवाडीपर्यंत मी पायी आलो. किती वेळ लागला आठवत नाही. घरी पोराला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. "बाबा, आता कशाला कबूल केलं? कोण विचारणार होतं तुम्हाला? चुपचाप सही ठोकायची."

"विचारणारी गेली म्हणून?" मी म्हटलं. त्यानं भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघितलं. कोणाबद्दल बोलतोय ते त्याला कळलं.

गुरुवार गेला. शुक्रवारी मी गेलो नाही. जाऊन काय सांगणार? दिवसभर एकच विचार. माझ्या सहीशिवायही मॅडम लिहू शकत होत्या. 'माझ्या परिचरानं पेटी उघडली, तो असं सांगतो' एवढं लिहिलं असतं तरी जगानं मानलं असतं. त्यांचा शब्द तेवढा मोठा होता. कागद केरात, साक्षीदार मी एकटा, आणि मी चौथी शिकलेला म्हातारा, उद्या मेलो असतो. आईचं नाव वाचवायला एक ओळ पुरेशी होती. मी त्यांच्या जागी असतो तर लिहिली असती. खरं तेच सांगतो.

सोमवारी गेलो. दार त्यांनीच उघडलं. पाच दिवसांत खांदे उतरले होते.

"या. तुमची सही राहिली आहे."

टेबलावर कागद, त्यावर पेन. तोच कागद असणार, असं वाटलं. मी उभाच राहिलो.

"वाचा," त्या म्हणाल्या. "वाचल्याशिवाय सही करू नये. अम्मी अंगठा लावायची, पण दोन माणसांकडून कागद वाचून घेतल्याशिवाय नाही."

मी वाचला. कागद दुसरा होता. 'दंडाचे हाड वरच्या थरात होते, मांडीचे खालच्या थरात. मी ती स्वतःहून एकत्र ठेवली. विचारले तेव्हा खरे सांगितले नाही.' आणि खाली मॅडमचं, त्यांच्या सहीनिशी: 'हाडे कशी होती असे मी विचारले नाही. एकाच पुडीत होती का, असे विचारले. मला हवे ते उत्तर मी प्रश्नातच घातले होते. चूक इथे झाली.'

"मॅडम, हे बरोबर नाही," मी म्हटलं. "खोटं मी बोललो."

"तुमचं खोटं तुमच्यापाशी ठेवा. ते मी माझ्या अंगावर घेणार नाही. आणि माझं तुम्हाला देणार नाही. करा सही."

मी केली.

"पण शुक्रवार तर गेला."

"शुक्रवारीच कळवलं. जात पडली, पुरावा मागून पाठवते, म्हणून." त्यांनी कागदाची घडी करून पाकिटात घातली, वर पत्ता लिहिला.

"मग अम्मींचं नाव पुसणार?"

"आमच्या शास्त्रात नाव पुसता येत नाही. एकदा छापलं की राहतं. फक्त पुढं 'संशयास्पद' लिहितात. नाव असतं, त्याच्यामागं जनावर नसतं." मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, "अम्मी नाराज झाली नसती. एक धागा चुकला तर हातभर हिमरू उसवायची ती. आम्ही भावंडं भुकेनं रडायचो तरी उसवायची."

मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "मला माफ केलं का मॅडम?"

त्यांनी यादी पुढं ओढली. "बुधवारी वेळेवर या. अकरा नावं बाकी आहेत."

ती अकरा नावं आम्ही संपवली. त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, रागवायच्या, चहात साखर जास्त झाली म्हणून मला टोमणे मारायच्या. माफीचा विषय मी पुन्हा काढला नाही आणि त्यांनीही नाही. उन्हाळा संपताना एका सकाळी त्यांचं हृदय थांबलं. कब्रस्तानात मीही तीन मुठी माती टाकली. कोणी अडवलं नाही.

परवा छापलेलं काम टपालानं आलं. मॅडमच्या बहिणीचा मुलगा इरफान, मावशीला खाला म्हणणारा, चाळिशीचा भला माणूस, त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून एकेक पान वाचून मराठी-दखनीत सांगत होता. शेवटाकडं आला आणि थांबला. पान जवळ नेऊन पुन्हा वाचलं.

"चाचा, हे बघा. नानीच्या नावापुढं खालानं स्वतःच 'संशयास्पद' लिहिलंय. घरात कोणाला बोलली नाही." त्याच्या आवाजात दुःख होतं आणि रागही. "अपनीच माँ का नाम! किसने बोला उनको ऐसा करने कू?"

त्याच पानावर खाली बारीक अक्षरांची टीप होती, आमच्या त्या दोन सह्यांच्या कागदाचीच असणार. त्यानं ती अजून वाचली नव्हती. वाचलीही नसती कदाचित. पुस्तक मिटायला त्याचा हात गेलाच होता.

मी खुर्ची पुढं ओढली.

"मी बोललो," म्हटलं. "बस, बाबा. कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो."